आत्याचा मान
माझा भाऊ बसवंत आणि मी उदगीरहून त्याच्या तान्ह्या शिवांशला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात आलो, तेव्हा बाळ निळं पडलं होतं. आधी न्यूमोनिया म्हणाले. मग तपासणीत डांग्या खोकला निघाला. बाळ पाच आठवड्यांचं. त्यावरची पहिली लस दीड महिन्याला असते.

"घरात कुणाला खोकला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई," बसवंत म्हणाला. मी तोंडावर पदर दाबला.

आमचं अडत दुकान. तुरीच्या धुळीनं सगळेच खोकतात, त्यात माझा कोण मोजणार? बारशाला वहिनी हळूच म्हणाली होती, "अक्का, तुमचा खोकला लई हाय. नाव दुसऱ्या कुणाला सांगू द्या की." मी भडकले. "आत्या मी हाय! माझा मान हाय तो." पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानाला ओठ लावले. नाव अर्ध्यावर असतानाच ढास लागली. बाया हसल्या. मी पुन्हा वाकले.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता औषधाच्या हातात काही राहिलं नाही. जवळ जा, हाक मारा."

बसवंतनं माझा हात धरला. "अक्का, तूच मार. नाव तूच सांगितलंस ना त्याच्या कानात."