पोतनिसांची डावी बाजू

“आज तुम्हां दोघांना वेगवेगळं बसावं लागेल,” ब्रीडा म्हणाली, आणि सुचेताच्या हातातला कीबोर्डचा स्टँड अर्धा उघडलेला तसाच राहिला.

आयरिश नाचाच्या स्पर्धेला ही मंडळी ‘फेश’ म्हणतात, आणि या फेशची सर्वेसर्वा ब्रीडा. ब्रिस्टलच्या त्या क्रीडाकेंद्रातला बॅडमिंटनचा मोठा हॉल तिनं मधोमध जाड पडदा ओढून दोन भागांत तोडला होता. अलीकडे एक स्टेज, पलीकडे दुसरं. पलीकडच्या स्टेजसाठी बर्मिंगहॅमहून येणाऱ्या अकॉर्डियनवाल्याच्या पाठीत सकाळी उसण भरली होती आणि तो अंथरुणातून उठू शकत नव्हता.

“सुचेता, तू इथे. पुष्कर, तू पलीकडे. लाइफसेव्हर्स आहात तुम्ही दोघं.”

सुचेता तोंड उघडणार, तेवढ्यात पुष्कर म्हणाला, “नो बॉदर, ब्रीडा.”

हे ‘नो बॉदर’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, त्यानं आयरिश लोकांकडूनच उचललं होतं, आणि नको तिथे वापरायची त्याला खोड होती. ब्रीडा वॉकीटॉकीत बोलत निघूनही गेली.

“अहो, काय बोलून बसलात?” सुचेता दबक्या आवाजात म्हणाली.

“मग काय सांगणार होतीस तू?”

“सांगायचं, आम्ही जोडीनंच वाजवतो म्हणून.”

“सत्यनारायणाला बसतोय का आपण, जोडीनं बसायला?” पुष्कर हसला. पण अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात पुष्करला बारीकसा स्ट्रोक येऊन गेला. बोलणं परत आलं, चालणंही आलं. डाव्या हाताचं मनगटही आलं, त्यामुळे भाता ओढता येत होता. बोटं मात्र आली नाहीत. अकॉर्डियनला उजवीकडे पेटीसारख्या पट्ट्या असतात, त्यावर सूर. डावीकडे बटणं असतात, त्यावर खर्जाचा आधार आणि ठेका. पुष्करची डावी बाजू त्या दिवसापासून मुकी झाली होती, आणि हे फेशच्या सर्किटवर कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या बटणांचं सगळं काम सुचेता शेजारी बसून कीबोर्डवर करत होती. लांबलचक संथ नाच ती एकटीच काढायची, म्हणजे त्याच्या हाताला विसावा मिळे. लोकांना वाटे, म्हातारपणी नवरा बायकोला पुढे करतोय, किती गोड.

नाही सांगितलं, कारण सांगणार कुणाला? फेशच्या जगात बोलावणी तोंडातोंडी येतात, आणि तशीच ती बंदही होतात. पोतनिसांचा हात गेला, एवढं एक वाक्य कुणी चहाच्या रांगेत बोललं असतं, तर पुढच्या मोसमापर्यंत त्यांचा फोन वाजायचा थांबला असता. फोन थांबला तर पुष्करचं काय होईल, याचा विचार सुचेताला करवत नव्हता. डॉक्टरांसमोर हसणारा हा माणूस घरी आल्यावर बंद अकॉर्डियनच्या पेटीवर हात ठेवून बसला होता, तेव्हा तिला आयुष्यात प्रथम त्याची भीती वाटली होती.

तसं पाहिलं तर पुण्यातल्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या माणसाचा आणि आयरिश नाचाचा संबंध काय? संबंध लंडनमधल्या हॅरोचा, जिथे ही दोघं राहायला आली. कौन्सिलच्या ऑफिसातून पुष्कर एका संध्याकाळी घरी येत होता, तर चर्चच्या हॉलमध्ये पोरी नाचत होत्या आणि त्यांची बाई हतबल होऊन टाळ्यांवर ठेका धरत होती, कारण तिचा वाजवणारा आयर्लंडला परत गेला होता. पुष्करनं घरून अकॉर्डियन आणलं. “सोपं आहे गं,” रात्री त्यानं सुचेताला सांगितलं, “रील म्हणजे आपला केरवा, आणि जिग म्हणजे घाईत असलेला दादरा.” मग शाळेच्या ऑफिसात काम करणारी, माहेरी पेटी शिकलेली सुचेता कीबोर्डवर बसली. मुलगी तनू फिडल म्हणजे व्हायोलिन शिकली, मुलगा समर ड्रमवर आला, आणि ‘पोतनीस फॅमिली बँड’ असं गाडीच्या मागच्या काचेवर झळकू लागलं. लीड्स, ग्लासगो, मँचेस्टर, एक शनिवार-रविवार घरी म्हणून नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला कित्येक वर्षं यांचं तोंड दिसलं नाही. “काय, बाप्पाला पण फेशला घेऊन जाता का?” असं लोक चिडवत. पुढे पोरं आपापल्या वाटेला लागली. समर नोकरीसाठी एडिनबराला गेला, तनू ब्रिस्टललाच विमानांच्या कंपनीत इंजिनियर झाली. बँड उरला दोघांचा, आणि गेल्या हिवाळ्यापासून खरं म्हणजे दीड माणसाचा.

आज तनू त्यांना सोडायला आली होती. पुष्कर पडद्यापलीकडे गेल्यावर ती आईजवळ आली आणि इथेच वाढलेल्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली,

“आई, हे क्रेझी आहे. बाबाची हात दुपारपर्यंत नाही टिकणार. जस्ट टेल ब्रीडा.”

“बाबांनी हो म्हटलंय.”

“बाबा सगळ्याला हो म्हणते. तू सांग.”

“मी नाही सांगणार,” सुचेता म्हणाली. “त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. तू तिकडे जाऊन बस. त्यांना पाणी दे. आणि तनू, चेहरा नीट कर जरा, लोक बघतायत.”

स्पर्धा सुरू झाली. सुचेताच्या स्टेजवर मोठ्या मुलींची फेरी होती, एकेक मुलगी एकटी नाचायची, जड बूट घालून. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, अंगात लखलखता ताठ झगा, आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा भाव. सुचेता वाजवत होती, पण तिचे कान पडद्यापलीकडे होते. तिकडून पुष्करची उजवी बाजू ऐकू येत होती, सूर स्वच्छ, जागच्या जागी, पण खाली काही नाही. फोडणी द्यायची राहून गेलेल्या वरणासारखं. कुणाच्या लक्षात येत नसेल? तिकडे लहान मुली होत्या, त्यांच्या आया मोबाइल वर धरून उभ्या असतील. बहुतेक नाही येणार लक्षात. पुष्कर बुटाचा ठोका जमिनीवर देत होता, बटणांची उणीव टाचेनं भरून काढत होता. तो ठोका ऐकून तिचा जीव तुटला.

मग ओर्ला नावाची मुलगी आली. तिनं आपली जिग सांगितली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. सुरेख नाचत होती पोर. पडद्यापलीकडे तेव्हा रील चालू होती. अर्ध्यावर त्या रीलचा पाय घसरला. भाता अपुरा पडला की सूर असा मधेच खाली बसतो, हे सुचेताला माहीत होतं. पुष्करचा हात थकला होता. शेजारी चालणारा माणूस ठेचकाळला तर आपण विचार करून हात पुढे करत नाही. सुचेताचा डावा हात आपणहून गेला. पडद्यापलीकडच्या रीलला त्यानं खालून आधार दिला, नेहमीसारखा, भक्कम केरव्याचा. उजव्या हातात ओर्लाची जिग तशीच चालू होती.

ओर्लाचा पाय हवेत होता. तो कुठे टाकायचा हे तिला कळलं नाही. ती अडखळली, दोन पावलं चुकीची टाकली आणि थांबली.

परीक्षकांनी घंटी वाजवली. पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी ओर्लाकडे पाहिलं आणि कागदावर पेन टेकवलं. मुलगी स्वतः चुकली तर विषय संपला, संगीत चुकलं तर तिला पुन्हा नाचू द्यायचं, असा इथला नियम होता. आणि मिसेस पोतनीस चुकल्या असतील, हे त्या गृहस्थांच्या स्वप्नातही आलं नाही. या सर्किटवर असं कधी घडलंच नव्हतं.

ओर्ला सुचेताकडे बघत होती. तक्रार करत नव्हती, नुसती बघत होती. तिला स्वतःचीच शंका येऊ लागली होती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. गप्प बसलं की झालं. मुलगी विसरेल, आणखी शंभर स्पर्धा करेल. बोललं, तर चहाच्या रांगेत आजच पोचेल, की पोतनिसांचं आता राहिलं नाही. एवढी वर्षं सांभाळलेलं सगळं त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं, आणि पलीकडे पुष्करची रील धापा टाकत चालू होती.

ती उठून उभी राहिली.

“चूक माझी होती,” ती परीक्षकांना म्हणाली. “माझा ठेका बदलला. ती बरोबर नाचत होती.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमची खात्री आहे, मिसेस पोतनीस?”

“हो.”

“मग ती पुन्हा नाचेल.” त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं. पहिल्या रांगेतल्या दोन बाया एकमेकींच्या कानाशी लागल्या.

सुचेता खाली बसली. आता ऐकायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. तिकडे काही होवो, आता ऐकायचं नाही. पुष्करकडे पाठ फिरवल्यासारखं वाटत होतं, आणि ते तसंच होतं. तिनं डोळे ओर्लाच्या बुटांवर लावले आणि तेवढेच बूट जगात आहेत असं समजून ती वाजवू लागली. दादरा, आणि फक्त दादरा. मुलगी सुरुवातीला बिचकली, मग सावरली, मग अशी काही नाचली की शेवटच्या ठोक्याला टाळ्या पडल्या. रीतीप्रमाणे तिनं आधी परीक्षकांना वाकून अभिवादन केलं, मग वाजवणाऱ्याला. सुचेताला करताना ती जरा जास्तच वाकली.

तेव्हा कुठे सुचेतानं कान मोकळे सोडले.

पलीकडे रील चालू होती. आणि तिला खालून ठेका होता. भरदार, गोल, डाव्या हाताचा ठेका, पुष्करचाच, लाखात ओळखू येणारा. बोटं आली, तिच्या मनात आलं. देवा, बोटं आली.

मग त्यात फिडल वाजली. मागून ड्रम आला, आणि दर फेरीच्या शेवटी एक जादा थाप मारायची समरची लाडकी खोड आली. स्वतःचा कीबोर्डही तिनं ओळखला. पोरं शाळेत असताना चौघांनी मिळून एक सीडी केली होती, नाचाच्या क्लासांना सरावाला लागते म्हणून. तिच्यातलीच रील वाजत होती.

परीक्षक गुण लिहीत होते, दोन मिनिटं होती. सुचेता पडद्याच्या कडेनं पलीकडे गेली.

तनू स्पीकरला आपला फोन जोडून उभी होती. आईला पाहून ती हळूच म्हणाली, “मी नाही केलं, आई. बाबा स्वतःच थांबले. ब्रीडाला स्वतःच सांगितलं, माझी हात संपली. मग मला म्हटलं, आपली सीडी लाव.”

पुष्कर खुर्चीत बसला होता. अकॉर्डियन छातीशीच होतं, भात्याचे दोन्ही पट्टे लावून बंद केलेलं. ब्रीडा त्याच्या मागे उभी होती, आणि तिच्या वॉकीटॉकीचा आवाज तिनं बंद केला होता. स्टेजवर सात-आठ वर्षांची एक मुलगी जीव तोडून नाचत होती. रील संपली. मुलगी परीक्षकांना वाकली. मग रीतीप्रमाणे ती वाजवणाऱ्याकडे वळली, स्पीकरकडे बघावं की खुर्चीकडे अशी क्षणभर घोटाळली आणि खुर्चीकडे बघून वाकली.

इतक्या वर्षांत पुष्करनं बसल्या बसल्या मान लववून हे अभिवादन घेतलं होतं. आज तो उठला. अकॉर्डियनच्या ओझ्यासकट उभा राहिला, आणि त्या मुलीपुढे कमरेत वाकला. ती आत पळाली, दुसरी पुढे आली. तो तसाच उभा राहिला.

सुचेता आपल्या बाजूला परत आली. तिच्या स्टेजवर पुढची मुलगी येऊन थांबली होती.