जवाईबापूंचं खातं

देवस्थान समितीच्या विश्वस्तांना सकाळी चहाच्या वेळेला मर्दानी ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात ई-मेलने मिळाली. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं भय्याजींच्या पितळी घंटांच्या कंपनीचं. विश्वस्तांत दोन आजीबाईही आहेत. त्यांतल्या एकीने ती जाहिरात सुनेकडून मोठ्याने वाचून घेतली.

समितीचे सचिव डोमाजी यांचा फोन आला तेव्हा भय्याजी नमुन्याची घंटा पुसत होते.

"घंटा राहू द्या बाजूले," डोमाजी म्हणाले. "संध्याकाळी बैठक आहे. हे कोणाच्यानं झालं, ते नाव पायजे. नाही त देवळाच्या घंटांची ऑर्डर दुसऱ्याले जाते."

भय्याजींना घंटा वाजवून तिचा कस कळतो. माणसाच्या बाबतीत मात्र कोण किती ऐकून घेईल, तेवढंच ते पाहतात. त्यांनी हाक मारली, "तृप्ती!"

तृप्ती नदीपलीकडच्या कारध्याहून स्कूटीने पूल ओलांडून भंडाऱ्यात येते आणि शोरूमच्या मागच्या खोलीत कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळते. तिनेच तो उभा केला. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, शिवाय मोबाईलवर येणारा कोड, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर कंपनीची डिजिटल मोहोर. तिचं काम पाहून एका राईस मिलवाल्याने आपलाही सर्व्हर तिला देतो म्हटलं होतं. उद्या ती त्याला भेटणार होती.

"तू डोमाजीले फोन कर," भय्याजी म्हणाले. "संध्याकाळच्या बैठकीत त्यायले नाव पायजे. म्हण, माह्याकडून चुकलं. लोकं आठ दिवसात विसरतात."

"माह्याकडून काय चुकलं?"

"असंच म्हणाचं असते, पोरी."

"पासवर्ड जवाईबापूंनी बाहेर दिला भय्याजी. तो मी सकाळीच बंद केला. आता मोठ्या मेल कंपन्या आपल्या मेल घेऊन नाही राहिल्या. त्यायले विनंती करून करून मले आठवडा लागन. अन वरून चुकलं बी माह्याच?"

भय्याजींनी हळूच मागच्या दाराकडे पाहिलं. कंपनी आणि घर यांच्यामध्ये एकच दार, आणि दारापलीकडे जावई भूपेंद्र जेवायला बसलेले. कालच रायपूरहून आले होते. या घरात जावयाचे पाय धुतात, पाट मांडतात, ताटात काय कमी पडलं ते तीनदा विचारतात. जास्त काय झालं, हे विचारायची रीत नाही. म्हणून मागच्या महिन्यात जावयाने कंपनीचा मेल मागितला, तेव्हा भय्याजींनी तृप्तीकडून खातं उघडून घेतलं. दर वेळी कोड मागायला सासऱ्याला फोन करावा लागतो, अशी तक्रार आल्यावर कोडही काढायला लावला. तृप्तीने नाही म्हटलं होतं. "घरच्या माणसाले कुलूप लावतेस काय?" असं भय्याजींनी तिलाच विचारलं होतं. घरच्या माणसाने तो पासवर्ड, सगळ्या गिऱ्हाइकांना सणाच्या शुभेच्छा एकदम पाठवून देतो म्हणणाऱ्या कोणा ओळखीच्याला देऊन टाकला.

भूपेंद्र हात न धुताच दारात आले. "पापाजी, माझा मेल बंद पडला. तुमचा सर्व्हरच कमजोर दिसते."

तृप्ती खुर्चीवरून उठली. तिचा आवाज चढला तसा आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"कमजोर? सर्व्हर पक्का होता म्हणूनच त्या गोळ्या पोचल्या! मोहोर खरी, पासवर्ड खरा. समोरच्या मशिनीनं भरवसा ठेवला अन दार उघडलं. कच्चा असता त कचऱ्यात गेल्या असत्या सगळ्या. मी मोहोर कोरली अन तुमी ती रस्त्यावरच्या माणसाच्या हाती दिली!"

"अरे, इतनी सी बात—"

"तुमाले इतनी सी. माह्यं नाव बैठकीत सांगाचं चाललं आहे. त्याच्यानंतर भंडाऱ्यात मले कोण सर्व्हरले हात लावू देईन?"

सासूबाई मंदाबाई भाताचं पातेलं घेऊन जावयाच्या मागे उभ्या. "जेवताना उठवलं जवाईबापूले," त्या नवऱ्यावर पुटपुटल्या.

"बेटा, बाहेरच्यासमोर जावयाचं नाव कसं घेऊ मी?" भय्याजींचा आवाज गयावया करत होता.

"अन माह्यं कसं घेता? मी कोणाची जावई नाही म्हणून?"

तृप्तीने डोमाजींचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन घंटेशेजारी ठेवला.

"डोमाजी, मी तृप्ती बोलतो, सर्व्हर पाहणारी. पासवर्ड आतल्या माणसानं बाहेर दिला होता. तो माणूस मी नाही. नाव भय्याजी सांगतात."

"सांगा भय्याजी."

भूपेंद्रांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. भय्याजींनी जावयाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जन्मभरात गिऱ्हाइकासमोर न केलेली गोष्ट केली. भाव पाडला, आणि तोही स्वतःचा.

"मीच, डोमाजी. पोरगी नाही म्हणत होती. मी जबरदस्तीनं कुलूप काढाले लावलं."

मग डोमाजी म्हणाले, "मग संध्याकाळी या, अन हेच सगळ्यांसमोर बोला. आजीबाई आधी शिव्या देतीन, मंग घंटा पाहतीन. त्या पोरीलेही आणा. पुन्हा होणार नाही, ते तिच्या तोंडून ऐकू."

फोन बंद झाला. भूपेंद्र हसले. "झालं ना मग. माझं चालू करून टाका."

"नाही," तृप्ती म्हणाली.

भय्याजी तिच्या टेबलाशी वाकले, आवाज अगदी खाली. "असं काही होते काय, का खातं राहीन, पण त्यातून बाहेर काही जाणार नाही?"

"होते. नुसतं घेणारं खातं. येईन ते सगळं येईन, जाईन काहीच नाही."

"तेच कर. जवाईले शोभते. अन त्यायले सांगू नको."

"करतो. पण सांगाचं तुमी. मी खोटं बोलणार नाही, ना त्यायच्यासाठी, ना तुमच्यासाठी." तिने कीबोर्ड जोरात ओढला. "आत्ता जा. संध्याकाळच्या आत."

भय्याजी घंटा पुसायचं फडकं तसंच हातात घेऊन आत गेले. तृप्तीने कान दिला. आतून आधी पाट सरकल्याचा आवाज आला, मग मंदाबाईंचं "आणखी थोडं घ्या". त्यानंतर बऱ्याच वेळाने भय्याजी खाकरले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जावयाला म्हणाले, "जवाईबापू, एक गोष्ट आता तुमाले भेटणार नाही."