कच्च्या विटा

डब्यात एकतीस तेलखडू होते. त्यांतले अख्खे चारच. राखाडी एक, साडेआठ सेंटिमीटर. लाल आणि निळ्याचे नखाएवढे तुकडे उरले होते.

काशीराम सरांनी डबा बंद केला. फ्लेक्स येण्याआधी ते पनवेलच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवत. आता दर शनिवारी या शाळेत चित्रकलेचा तास घेत.

"हा तास बंद करूया, सर," मुख्याध्यापिका आभा मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेरीला वाचनाची चाचणी आहे. तिसरीतल्या ठकीला अजून एक शब्द येत नाही. जूनपासून तोंडसुद्धा उघडलं नाही तिनं."

"चार शनिवार द्या, मॅडम. नाय जमलं तर मीच येनार नाय."

"लिहून देता?"

"पाटीच रंगवून देतो."

ठकीचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. त्या शनिवारी तिच्या वाट्याला राखाडी खडू आला, कारण तो कोणालाच नको होता. तिने कागदभर चौकोन काढले आणि एकेक दाबून भरला.

मॅडम फिरत फिरत तिथे आल्या. "विटा ना गं ह्या? मग लाल रंग दे की. प्रांजल, तिला लाल दे बरं."

ठकीने चित्रावर दोन्ही हात ठेवले.

"लाल नाय. कच्च्या हायत. भाजल्या नाय अजून."

सगळा वर्ग वळून बघू लागला.

"आनि चित्रात ही बाजूला कोन बसलीय?" सरांनी हळूच विचारलं.

"आय. विटा थापते."

सर खाली उकिडवे बसले. पाटीवर काढत तशा ठसठशीत अक्षरांत त्यांनी चित्राखाली लिहिलं : आय विटा थापते.

"वाच."

"वाचायचं काय? मीच बोलले ना?"

"म्हनूनच वाच."

ठकीने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलं.

पुढच्या शनिवारी धुराचं चित्र, त्यानंतर गाढवाचं. "सर, गाढवातला ढ कसा काढायचा?" तिने आपणहून विचारलं. चौथ्या शनिवारी चित्राखालचं वाक्य तिनेच लिहिलं. वेलांट्या चुकल्या होत्या. सरांनी त्या तशाच ठेवल्या.

चाचणीच्या दिवशी सर कामाशिवाय शाळेत आले आणि वर्गाबाहेर उभे राहिले. आतून मॅडमचा आवाज येत होता, "पुढचा." मग ठकीचा आवाज.

ठकीने दहापैकी सात शब्द वाचले.

सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. शनिवारच्या चौकटीत 'चित्रकला' होतं.

सरांनी डबा उघडून पट्टी लावली. राखाडी खडू दोन सेंटिमीटर तीन मिलिमीटर भरला.