मुंग्यांची साक्ष

दापोऱ्याच्या सोजरबाईला भाऊ एकच, कौतिक. त्याचं डोकं बिघडल्याला अठरा वर्षं झाली. ती वर्षं बाईनं थोडी भांडत, बरीचशी हसत काढली. गोळी वेळेवर दिली की कौतिक केळीच्या बागेत दिवसभर राबायचा, फक्त मधूनच मोबाईलच्या टॉवरशी हुज्जत घालायचा.

यंदा मात्र मुंग्या निघाल्या.

"आक्का, मुंग्या माझ्या मागे लागल्या. झूठ नाही सांगत."

"लागू दे. माझ्या मागे तू लागलाच आहेस की!"

तरी दर शनिवारी ती निंबाखाली मुंग्यांना पीठसाखर घालू लागली, त्यांनी भावाचा पिच्छा सोडावा म्हणून. कौतिक वाळत चालला होता, दुपारपर्यंत माठ रिकामा करत होता. वेडाचंच लक्षण, असं सगळे म्हणाले. बाईनं अंगात ताकद यावी म्हणून त्याला साखर घालून घट्ट सरबत पाजलं.

तिसऱ्या शनिवारी तिनं नीट पाहिलं. मुंग्यांची एक रांग पीठसाखरेकडे आली होती. दुसरी, चांगली जाडजूड, घरामागे, जिथं कौतिक लघवीला उभा राहायचा तिथं गेली होती. सासऱ्यांना साखरेचा आजार होता तेव्हा मोरीत अशाच मुंग्या यायच्या. बाईच्या पायाखालची जमीन सरकली. आपण या पोराचं एकही बोलणं तपासून पाहिलं नाही!

बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं जुनी फाईल चाळली. "ये तो दिमाग का मामला है. गोली बढ़वा लो."

बाई स्टुलावरून हलली नाही. "डाक्टरसाब, माझा भाऊ पागल असेल. मुंग्या तर पागल नाहीत ना? साखर तपासा."

डॉक्टरनं नाइलाजानं कौतिकच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर चारशे अडुसष्ट आले. त्याचा चेहराच उतरला. लगेच भरती करून घेतलं, सलाईन लावलं. डोक्याच्या काही गोळ्यांनीही साखर वाढते, पण आपल्या मनानं बंद करू नका, त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी मी बोलतो, असं त्यानं बाईला समजावून सांगितलं. या वेळी मराठीत, आणि नरमाईनं.

संध्याकाळी कौतिकनं डोळे उघडले. "आक्का, मी खरं बोललो होतो ना?"

"खरं बोलला होतास रे राजा. माझंच चुकलं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. अठरा वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा एकदा बोल ना."

बाईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हटलं.