आग्नेयेचा कोपरा

“आधी वास्तुपुरुष काढायचा, मग पहिला स्क्रू. आणि सगळं आवरलं की त्याला समुद्रात सोडायचं. तूच. स्वतःच्या हातानं.”

पेशंटला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगाव्यात, त्या सुरात डॉक्टर पुरुषोत्तम हे बोलले होते. फरक इतकाच, की तेव्हा खाटेवर ते स्वतः होते. सुप्रभाताईंनी नवऱ्याचा हात हातात घेऊन “हो” म्हटलं होतं. त्याला आता दोन वर्षं झाली.

आणि आज ती वेळ आली होती. कार्डिफच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या पार्कातली त्यांची जुनी कॅरॅव्हॅन मोडायची होती. नावाला चाकं असलेलं, पण वर्षानुवर्षं एका जागी उभं असलेलं ते दोन खोल्यांचं घर. फार जुन्या कॅरॅव्हॅन पार्कात ठेवायच्या नाहीत असं पार्कवाल्यांनी ठरवलं होतं. सोमवारी ट्रक येऊन खालचा लोखंडी सांगाडा उचलून नेणार, त्याआधी कामाचं जे निघेल ते काढून घ्यायचं. लेक चैत्राली आणि जावई ऱ्हीस सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. खिडक्या, प्लायवूड आणि पत्रे लावून अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या भाजीच्या वाफ्यावर, शेड बांधायचा त्यांचा बेत होता.

“आई, सीरियसली, निदान खिडक्या तरी काढू दे आम्हाला. पाऊस यायच्या आत,” चैत्राली म्हणाली.

“आधी तो.”

“आणि तू काही खाल्लंस का?”

रोज देवापुढे निरांजन लावून साखरेचा नैवेद्य दाखवल्याशिवाय सुप्रभाताई तोंडात काही घालत नसत, हे लेकीला ठाऊक होतं. आज त्यांनी त्यात आणखी एका अटीची भर घातली होती: वास्तुपुरुष हाती लागेपर्यंत नैवेद्यही नाही.

कॅरॅव्हॅन घेतली तेव्हा चैत्राली पोटात होती. घर म्हटलं की वास्तुशांत हवी, असा सुप्रभाताईंनी हट्ट धरला. “चाकांवरच्या घराला कसला वास्तुपुरुष? जमीनच नाही, पुरायचा कुठे?” म्हणून पुरुषोत्तम हसले होते. पण मामींनी पुण्याहून पाठवलेली चांदीची इवलीशी प्रतिमा आणि सप्तधान्य डबीत घालून सुप्रभाताईंनी ती नवऱ्याच्या हाती दिली, आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात पालथा ठेवायचा, असं तीनतीनदा बजावलं. सातवा महिना, वाकता येईना. म्हणून त्या बाहेर खुर्चीवर बसल्या. आत करवत चालल्याचा आवाज आला. घाम पुसत ते बाहेर आले नि म्हणाले, “झालं. ठेवला.”

त्या एका शब्दावर सुप्रभाताईंनी या घरात इतक्या सुट्ट्या काढल्या होत्या. इथे कधी वाकडं बोलायचं नाही, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असं लेकीला दटावलं होतं.

ऱ्हीसनं फोनवर दिशा बघितली. आग्नेय आली बेडरूमच्या कोपऱ्यात. त्यानं पलंगाचं खोकं सरकवलं, गालिचा गुंडाळला, खालचा प्लाय कापून उचलला. आत पिवळा पडलेला कापूस, एक मेलेला कोळी आणि खालचं गवत. त्यानं खांद्यापर्यंत हात घातला, चाचपला, शेजारचाही तुकडा कापला.

“नाही, आई. सॉरी.”

“नीट बघ रे.”

“नीट बघितला. काय नाय.” ऱ्हीसचं मराठी सगळं चैत्रालीकडून आलेलं, त्यामुळे तिच्या चुकाही सोबत आलेल्या.

चैत्राली आईजवळ येऊन बसली. आवाज खाली आणून म्हणाली, “आई, रागावू नको. बाबा असल्या गोष्टी मानत नव्हते. तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील ना, ठेवला म्हणून? दॅट वुड बी सो बाबा.”

सकाळपासून नेमकं हेच सुप्रभाताई मनाच्या दाराबाहेर थोपवून होत्या. डबी हरवली असती तर त्यांनी देवाची क्षमा मागितली असती. पण ती ठेवलीच गेली नसेल, तर मग तो शब्द? आणि शेवटच्या दिवसांत इतक्या गांभीर्यानं सांगितलेलं ते सगळं? तीही बायकोची समजूतच?

“मी जरा भांडी भरते,” म्हणून त्या उठल्या. रडायचं तर ते सिंककडे तोंड करून, ही त्यांची जुनी सवय.

ओट्याजवळच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. ते त्यांनी उतरवलं आणि हात तसाच थांबला. मागे भिंतीवर काजळीचा डाग होता. पानाएवढा, वर निमुळता होत गेलेला. निरांजनाचा.

इथे? त्या तर निरांजन पूर्वेच्या भिंतीशी लावत, आणि पूर्व तर तिकडे, पलंगापाशी. पण डाग जुना होता, पार भिंतीत मुरलेला. चैत्राली रांगायची त्या काळातला. तेव्हा सकाळी ऊन याच खिडकीतून शेगडीवर यायचं. “बघ, न ठरवता तुझं स्वयंपाकघर आग्नेयेला आलं,” म्हणून पुरुषोत्तमांनी चिडवलं होतं.

“चैत्राली!” एरवी ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे, त्या ओरडल्या. “आपली कॅरॅव्हॅन खालच्या रांगेत होती गं! समुद्र आत यायला लागला म्हणून वर आणली ना! तेव्हा फिरवून लावली, दार समुद्राकडे यावं म्हणून. आग्नेय इथे होती. इथे, शेगडीखाली!”

ऱ्हीसनं गॅस बंद आहे ना ते पाहून शेगडी ओढून काढली. खालच्या प्लायमध्ये वहीएवढा चौकोन वेगळा कापलेला होता. चार स्क्रू. तो उचलला, तर खालच्या फळीला बँडेजनं घट्ट बांधलेली स्टीलची डबी.

सुप्रभाताई जमिनीवरच बसल्या. त्यांनी हळूहळू गाठ सोडली. वरचं बँडेज सुटलं, तर आत दुसरं निघालं: जुनं, पिवळं, हात लागताच तुटणारं. वरचं त्या मानानं नवं होतं.

“दोन का?” चैत्रालीनं विचारलं.

सुप्रभाताईंनी नवं बँडेज उलटसुलट करून पाहिलं. “घर हलवायचं होतं तेव्हा परत उघडलं असणार. धक्क्यात पडू नये म्हणून.” मग हळूच म्हणाल्या, “मला बोललेसुद्धा नाहीत.”

डबीत, धान्याच्या भुशात, प्रतिमा पालथी होती. सांगितली होती तशी.

चैत्राली आईला बिलगली. तिनंच निरांजन लावलं, वाटीतली साखर दाखवली आणि चिमूटभर आईच्या तोंडात घातली. सुप्रभाताईंनी डबीवर अक्षता वाहिल्या, आणि “पुनरागमनाय च” म्हणताना मध्येच थांबल्या. पुन्हा यायचं ते कुठे? घर तर हे चाललं.

ऱ्हीस गुडघ्यांवर बसला होता. त्यानं गंभीरपणे विचारलं, “आई, शेडला पण लागते का, वास्तुपुरुष?”

“लागतो,” चैत्राली फणकारली. “तो लागतो.”

“तू कोण सांगणार? तू काल ‘माझा खिडकी’ म्हणाली.”

सुप्रभाताईंना हसू फुटलं, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून. त्यांनी राहिलेले शब्द पुरे केले. “आता लागा कामाला,” म्हणाल्या.

मग घर उतरत गेलं. खिडक्या चौकटीसकट निघाल्या, एकही तडा न जाता. पत्रे सोलताना कर्कश आवाज होई, तेव्हा सुप्रभाताई डोळे मिटून घेत. पुढचा स्क्रू मात्र त्या स्वतः वाटीत गोळा करत. कपाटांची दारं, तांब्याचे पाइप, प्लायच्या थप्प्या. काजळीच्या डागाचा तुकडा ऱ्हीसनं काही न विचारता वेगळा काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत गवतावर नुसता सांगाडा उरला आणि त्यातून पलीकडचा समुद्र दिसायला लागला.

भरती ओसरली होती. सुप्रभाताईंनी हात धुतले, कोट घातला, नवं बँडेज घडी करून खिशात ठेवलं.

“मी येऊ?” चैत्रालीनं विचारलं.

“नको बाळा. तुम्ही खिडक्या नीट बांधा.”

डबी दोन्ही हातांत धरून त्या वाळूकडे उतरणाऱ्या पायवाटेला लागल्या.