कपाळाला लावलेलं पुस्तक

"घ्या तुमचं पुस्तक. अजून एकदा कपाळाला लावायचं असंल तर लावा!"

जाईबाईनं हातातलं पुस्तक शिलाई मशीनवर आदळलं. सत्यभामाचा पाय पायडलवर जागच्या जागी थांबला. सुईखाली कुणाच्या तरी ब्लाऊजची अर्धी बाही अडकून राहिली.

"अगं, पुस्तक हाय ते. असं आपटतेत व्हय?"

"पुस्तक न्हाई, घाण हाय घाण! तुमी वाचलं तरी होतं का, काकू?"

जाईबाई शेरडं राखणारी. साक्षरतेच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकली आणि सत्यभामानं दिलेल्या पुस्तकांवर वाचायला. आजवर तिनं या दुकानात आवाज चढवला नव्हता.

"अंजूसाठी घेतलं मी ते. लेक सासरहून कायमची आली, कुणाशी बोलंना, बसंना. म्हणलं, महाराजाचं हाय, काकूंनी कपाळाला लावलंय, पोरीचं मन रमंल. मीच दिलं की तिच्या हातात! काल जेवताना आमच्या बाळ्यानं ते उचललं अन् लागला मोठ्यानं वाचायला. माहेरी आलेल्या लेकीवर हाय एक गंमत. परत आलेलं पार्सल म्हणं. पत्ता बरोबर होता, मालच नासका निघाला! बाळ्या खो खो हसायला. अंजू ताटावरून उठून गेली, काकू. भाकर तशीच."

सत्यभामानं पुस्तकाकडं पाहिलं. 'टाळीवर टोला'. मुखपृष्ठावर नाथामहाराज दोन्ही हात वर करून हसत होते.

"मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

जाईबाई पदर खोचून निघून गेली.

माजलगावच्या कालव्यावरच्या या गावात सत्यभामा ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. अस्तराच्या कापडांच्या वरच्या फळीवर तिची पुस्तकं. शिवलेल्या कपड्याच्या पिशवीत ती गिऱ्हाइकाच्या मगदुराप्रमाणं एखादं पुस्तक सरकवून द्यायची. ब्लाऊज राहायचा, पुस्तक परत यायचं. आणि दर एकादशीला मारुतीच्या देवळात, कीर्तनाआधी, ती एक पुस्तक सांगायची. फार वर्षांपूर्वी एकदा बुवांची जीप रस्त्यात बंद पडली, मंडळी चुळबुळायला लागली, तेव्हा म्हाताऱ्या पुजाऱ्यानं तिला म्हटलं होतं, "सत्यभामे, बुवा येईस्तोवर तू काय वाचलंस ते सांग." तिनं विहीर खणणाऱ्या एका जोडप्याची कादंबरी सांगितली. बुवा येऊन बसले तरी लोक तिला थांबू देईनात. तेव्हापासून ती वेळ तिचीच झाली.

रीत ठरलेली. पिशवीतून पुस्तक काढायचं, कपाळाला लावायचं आणि मग बोलायचं. बोलणं विसरायचे लोक, पण तिचा कपाळाला गेलेला हात विसरायचे नाहीत. सत्यभामानं कपाळाला लावलं म्हणजे पुस्तक चांगलं. सापांवरचं एक पुस्तक तिनं सांगितलं तेव्हा गड्यांनी धामण मारायची सोडली. एका डॉक्टरीणबाईचं आत्मकथन सांगितलं तेव्हा दोन सासवांनी सुनांना तपासायला नेलं. खरीखुरी माणसं असलेली ही पुस्तकं तिला शाळेतल्या यशोधरा मॅडमकडून मिळायची. "काकू, तुमच्या कादंबऱ्यांतल्या बाया लई रडतात," यशोधरा म्हणायची. "ही बघा, ही रडून झाल्यावर कामाला लागलेली बाई." आणि सत्यभामा म्हणायची, "मॅडम, रडायचं तर नीट रडू द्या की तिला. मंग लागंल कामाला."

मागच्या एकादशीला देवळाचे पंच आबासाहेब यांनी ऐनवेळी तिच्या हातात नाथामहाराजांचं नवं पुस्तक ठेवलं होतं. मोबाइलवर लाखो लोक ऐकतात असे महाराज. यशोधरा मागून कुजबुजली होती, "वाचलंय का ते?" सत्यभामा म्हणाली होती, "कीर्तनकाराचं हाय मॅडम. त्यात काय बघायचं?" आणि हात आपोआप कपाळाकडं गेला होता. देवळात विक्रीला ठेवलेले पुस्तकांचे गठ्ठे तिथल्या तिथं संपले.

त्या दुपारी तिनं दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि ते पुस्तक वाचायला घेतलं.

पाचव्या पानावर तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. पुढं पुढं तसं वाटायचं थांबलं. सावळ्या पोरीवर हसायचं. मूल नसलेल्या बाईवर हसायचं. विधवेनं चांगली साडी नेसली म्हणून हसायचं. आणि प्रत्येक हसण्याच्या शेवटी देवाचं नाव, ताटातली माशी झाकायला वरून तुळशीचं पान ठेवावं तसं. सत्यभामाचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. अंगावरच्या जांभळ्या लुगड्याकडं तिचं लक्ष गेलं आणि तिचं तोंड कडू झालं. ती मोरीवर गेली, चूळ भरली. चव जाईना.

महाराज वाईट बोलतात, याची किळस तिला कमी होती. वाईट बोलणारी माणसं तिनं आठवडी बाजारात दर खेपेला ऐकली होती. किळस होती ती महाराज कीर्तनाच्या गादीवरून तसं बोलतात याची. लहानपणी बाप तिला खांद्यावर बसवून कपिलधारला कीर्तनाला न्यायचा. काळे कुळकुळीत, अंगानं काटकुळे एक बुवा होते. घरातून हाकललेल्या सुनेचं आख्यान लावताना त्यांचाच गळा भरून यायचा, टाळ खाली यायचे, आणि हजार माणूस पदरानं, उपरण्यानं डोळे पुसायचं. घरी परतताना बाप म्हणायचा, "आज आंघोळ झाली." दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं म्हणजे काय, हे सत्यभामा तिथं शिकली. म्हणून तर ती वाचायला लागली. आणि त्याच गादीवर उभं राहून हा माणूस पानाची पिंक टाकत होता. आणि ती पिंक हिनं स्वतःच्या कपाळाला लावली होती.

तिनं कपाळ पदरानं खसाखसा पुसलं.

एकादशीच्या आदल्या दिवशी आबासाहेब दुकानात आले. लग्नघरची निमंत्रणं वाटणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा फुललेला.

"वहिनी, उद्या महाराज सोता येणार हायेत. दुसरी आवृत्ती निघाली बघा! लोक म्हणायलेत, सत्यभामाबाईच्या हाताला गुण हाय. उद्या परत दोन शब्द चांगले बोला."

"आबासाहेब, तुमी वाचलं का ते?"

"मला कुठं टाइम हाय? गमतीचं हाय म्हणे."

"तुमच्या धाकट्या लेकीला वाचायला द्याल?"

आबासाहेबांचं हसू जरा आखडलं. "कावून असं इचारायला तुमी? हे बघा, ती वेळ देवळाची हाय. कमिटीनं दिली म्हणून तुमची हाय. उद्या उगं वाकडं नको."

"बोलते मी," सत्यभामा म्हणाली. "वाचलंय आता."

दुसऱ्या दिवशी देऊळ भरून बाहेर पारापर्यंत माणसं बसली होती. महाराज पुढच्या रांगेत, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना मोबाइल उगारलेली पोरं. जाईबाई बायकांत सगळ्यात मागं, एकटीच. अंजू आली नव्हती, हे सत्यभामानं आधी पाहून घेतलं. मगच तिनं पुस्तक काढलं.

लोक तिच्या हाताकडं बघत होते. हात छातीपाशीच थांबला.

"मागच्या एकादशीला हे पुस्तक मी कपाळाला लावलं," ती म्हणाली. "न वाचता लावलं. गादीवरच्या माणसाचं हाय म्हणून इस्वास ठेवला. तुमी माझ्यावर ठेवला. आता मी वाचलंय. ह्यातलंच वाचून दाखवते, माझं काईच न्हाई."

आणि तिनं ती परत आलेल्या पार्सलाची गंमत वाचली. सरळ, सपाट आवाजात, पंचायतीचा दाखला वाचावा तशी. गड्यांत हसू फुटलं. महाराजही मान डोलवत हसले.

"हसलात, बरं झालं. आता परत वाचते. ह्या बारीला फकस्त ज्यांच्या घरी लेक माघारी आलीय, त्यांनी हसा."

तिनं परत वाचली, पहिल्यापेक्षा सावकाश. कालव्याच्या पंपाचा आवाज ऐकू येऊ लागला. खांबाला टेकलेला बाळ्या पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला.

"ज्यांनी माझ्या हाताकडं बघून घेतलं, त्यांनी माझ्या दुकानात आणून द्या. बदली दुसरं देते. मी कपाळ पुसलंय, पण..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. आबासाहेबांनी माइकची वायर ओढली होती. महाराज उठून गादीवर गेले, हात वर करून म्हणाले, "माउलींचा राग लई गोड असतो बरं का!" पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या. सत्यभामा पायऱ्या उतरली. पाठीमागं हशा उसळला तेव्हा तिला परत तीच चव आली तोंडात.

पुस्तकं फार परत आली नाहीत. चार आली, एक तर रात्रीतून कुणीतरी शटरखालून सरकवलेलं. बाकीची गावातच राहिली, देवघरांत, टीव्हीशेजारी. दोघी-तिघींनी शिवायला टाकलेले ब्लाऊज न शिवता माघारी नेले. यशोधरा आली, चहा घेतला आणि जाताना फळीवर एक जाड कादंबरी ठेवून गेली. "ही मी वाचलीये," एवढंच म्हणाली. "तुमच्यासारखी रडले सुद्धा."

पुढच्या एकादशीला देवळात सत्यभामाच्या वेळेला माइकवर मंगल कार्यालयाची जाहिरात लागली. सत्यभामा आली होती. ती कीर्तन सोडणारी नव्हती. गेवराईकडचे एक नवखे बुवा यायचे होते, त्यांचा आवाज गोड आहे असं तिनं ऐकलं होतं. बायकांच्या गर्दीत, चपलांच्या ढिगाजवळ तिला जागा मिळाली. मांडीवर ती जाड कादंबरी उघडून ती शेवटची पानं वाचू लागली.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. जाईबाई. आणि तिच्या पलीकडं डोक्यावर ओढणी ओढलेली अंजू.

"कसलं हाय, काकू?" अंजूनं विचारलं. फार दिवसांनी वापरल्यासारखा आवाज.

सत्यभामानं पान उलटायच्या आधी बोट खूण म्हणून ठेवलं.

"अजून संपलं न्हाई, बाई. संपल्यावर सांगते."

अंजू थांबली. पुढं कुणीतरी पेटीचा सूर धरला, बुवांनी घसा साफ केला. सत्यभामा वाचत राहिली, ओठ हलवत, घाई न करता. शेवटची ओळ झाली. तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटून कपाळाला लावलं.

डोळे उघडले तेव्हा अंजूचा हात पुढं आलेला होता.