रिकामा क्लास, भरलेली मेमरी

तोआदेरच्या द्राक्षमळ्यातली, कडाक्याच्या थंडीचा इशारा देणारी पेटी पुन्हा बंद पडली, आणि सकाळी सकाळी रुक्सांद्राचा फोन वाजला.

"अगं पोरी, थंडी वेलांना चाटून गेली आणि तुमची पेटी गप्प! खालच्या रांगा काळ्या पडल्यात," तोआदेर ओरडत होता.

माफी मागण्याखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं. इयाशी शहरातल्या त्या लहानशा कंपनीत या पेटीचा प्रोग्राम तिचाच. वेलांमध्ये रोवलेल्या प्रत्येक तापमापकासाठी पेटीच्या मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या माहितीचा कप्पा, तयार व्हायचा. अशा कप्प्यांची पन्नाशी गाठायच्या आतच मेमरी भरायची आणि पेटी निपचित.

तिने हारालांबींना गाठलं. कंपनी त्यांची, आणि ज्या मूळ क्लासपासून, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणाऱ्या साच्यापासून, सगळ्या यंत्रांचे क्लास निघाले, तोही त्यांनीच लिहिलेला.

"तुझ्या क्लासात फंक्शनांची खोगीरभरती झालीय. काप," ते म्हणाले.

"सर, फंक्शनं ऑब्जेक्टच्या आत नसतात हो. सगळ्यांत मिळून एकच प्रत असते."

"मला शिकवू नकोस. काप!"

तिने अर्धी फंक्शनं कापली. ऑब्जेक्ट एका बाइटनेही घटला नाही. मग तिने आपल्या क्लासातले तापमान, बॅटरी वगैरेंचे सगळे खाने काढून टाकले आणि मूळ क्लासपासून एक साफ रिकामा क्लास काढून त्याचा आकार विचारला. उत्तर पाहून तिचं डोकंच फिरलं. आत स्वतःचं काहीच नाही, तरी वजन जवळपास तेवढंच!

कंपनी पूर्वी नदीची पातळी मोजायची यंत्रं करत असे. त्यांच्यासाठी हारालांबींनी मूळ क्लासात शेवटच्या शंभर नोंदींची जागा राखली होती. तापमापकाला एकच आकडा पुरेसा. पण वारशाने ती शंभर नोंदींची जागा प्रत्येकाच्या पदरी आली होती, वापरा वा न वापरा.

"मग मोठी चिप लावू," हारालांबी म्हणाले.

"पेट्या खांबांना ठोकून झाल्यात सर! नोंदी वेगळ्या क्लासात टाकू. नदीची यंत्रं त्यातून निघतील, तापमापक नाही."

"त्या क्लासला हात लावायचा नाही. कंपनी उभी राहिली ती त्याच्यावर."

ती दार आपटून बाहेर पडली. दिवसभर धुमसत राहिली, आणि मग न विचारताच हात लावला. नोंदी बाहेर काढताच ऑब्जेक्ट एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी काढून ती थेट मळ्यावर गेली, नवा प्रोग्राम चढवला. सगळे तापमापक एकामागोमाग जागे झाले. पेटी तगली.

तोआदेरने चीज भरलेली गरम पोळी तिच्या हातात कोंबली, पण काळ्या पडलेल्या रांगांकडे बघत तो म्हणाला, "आठवडाभर आधी आली असतीस तर."

तेवढ्यात हारालांबींचा फोन.

"माझ्या क्लासला हात लावलास?"

"लावला."

"चालतंय का?"

"चालतंय."

"बरं. आता त्यात दुरुस्तीच्या तारखांसाठी वीसएक खाने टाक."

"कुठल्या क्लासात?"

"मूळच्याच की! सगळ्यांना, तापमापकांनाही, आपोआप मिळतील."

रुक्सांद्राने फोन बंद केला आणि तोआदेरला म्हणाली, "काका, अजून एक पोळी द्या. ऑफिसात जायची घाई नाही मला."